संगणकाच्या मुक्त आज्ञावली : शोध, पारख व वाटप

प्राथमिक शाळेत संगणक आला म्हणजे शिक्षणाची सोय झाली, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः संगणक हे रिकाम्या फळ्यासारखे साधन आहे. फळ्यावर जे लिहावे तेच दिसते. त्याचप्रमाणे संगणकात जी आज्ञावली, म्हणजे व्यवहारात ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात ते, घातले असेल तेवढेच काम तो करतो. यंत्र कोणत्या योजनेतून वा देणगीतून मिळेल, हे शिक्षकाच्या हाती नसते. परंतु त्यात कोणती आज्ञावली असावी, ती कोठून आणावी, आणि शेजारच्या शाळेस ती देता येईल किंवा नाही, हे प्रश्न शिक्षकासच सोडवावे लागतात.

मोखाडा तालुक्यातील खोडाळा आणि त्याच्या परिसरातील पाड्यांवरील शाळांच्या दृष्टीने या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. मोठी बाजारपेठ दूर. यंत्र बिघडले तर जाणता माणूस हाकेच्या अंतरावर नाही. डोंगरामुळे इंटरनेटची जोडणी सर्वत्र सारखी मिळत नाही. आणि पुष्कळ मुलांची घरची भाषा वारली, कोकणा, ठाकरी किंवा कातकरी. अशा शाळेस खरोखर उपयोगी पडेल अशी आज्ञावली कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चोरीचे, फुकटचे आणि मुक्त

शाळेच्या संगणकात आज्ञावली येते ती बहुधा तीन वाटांनी. पहिली वाट म्हणजे विकाऊ आज्ञावलीचे कुलूप मोडून केलेली प्रत. ती पेनड्राइव्हवरून हातोहात फिरते आणि देणारा व घेणारा या दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ साली जी दुरुस्ती झाली, तिने संगणकाच्या आज्ञावलीस ग्रंथाप्रमाणेच संरक्षण दिले आहे. सबब अशी प्रत बाळगणे कायद्याच्या विरुद्ध आहे. शिवाय कुलूप मोडणाऱ्याने आत आणखी काय घातले, हे कोणास ठाऊक नसते. व्हायरसचा शिरकाव पुष्कळदा याच वाटेने होतो आणि वर्षभराच्या नोंदी एका दिवसात नष्ट होतात. ज्या वर्गात दुसऱ्याची पेन्सिल न विचारता घेऊ नये असे शिकवावयाचे, त्याच वर्गातील संगणक चोरीच्या मालावर चालावा, ही गोष्ट शिक्षकास शोभणारीही नाही.

दुसरी वाट फुकटच्या आज्ञावलीची. तिला आज दाम पडत नाही, एवढाच तिचा गुण. तिची आतील रचना मालकाच्या ताब्यात असते. उद्या त्याने पैसे मागितले, मुलांच्या डोळ्यांसमोर जाहिराती आणल्या किंवा ती अजिबात बंद केली, तर शाळेस काही बोलता येत नाही. शिवाय फुकट मिळालेली प्रत दुसऱ्या शाळेस देण्याचा अधिकार मिळतोच असे नाही.

तिसरी वाट मुक्त आज्ञावलीची होय. इंग्रजी भाषेत 'विनामूल्य' आणि 'स्वतंत्र' या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तेथे मोठा घोटाळा होतो. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन शब्द निरनिराळे आहेत; तेव्हा आपण तरी हा घोटाळा करू नये. आज्ञावली मुक्त आहे असे केव्हा म्हणावे? तिच्याबरोबर पुढील चार मोकळिकी मिळत असतील तेव्हा :

१. ती कोणत्याही कामासाठी चालविता यावी.
२. तिची मूळ लिखित रचना, म्हणजे स्रोत, पाहून ती कशी चालते हे शिकता यावे आणि आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात बदल करता यावा.
३. तिच्या प्रती इतरांस देता याव्यात.
४. बदल केलेली प्रतही इतरांस देता यावी.

या मोकळिकींचा अर्थ मोखाडा-जव्हारच्या शेतकऱ्यास समजावून सांगावा लागणार नाही. नागली, वरई किंवा भात यांच्या देशी वाणाचे बी घरात राखता येते, पुढील वर्षी पेरता येते, शेजाऱ्यास देता येते. आणि चांगली कणसे निवडून राखल्यास पिढ्यान्‌पिढ्या सुधारता येते. जव्हार तालुक्यात बाएफ या संस्थेच्या साहाय्याने शेतकऱ्यांनी अशा वाणांचे जतन केले आहे. उलट संकरित बियाण्यासाठी दर हंगामात दुकानाची पायरी चढावी लागते. विकाऊ आज्ञावली ही संकरित बियाण्यासारखी, तर मुक्त आज्ञावली देशी वाणासारखी आहे. पीक दोहोंचे येते. परंतु बी कोणाच्या कणगीत राहते, हा खरा प्रश्न आहे.

ही चळवळ कशी उभी राहिली

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या प्रयोगशाळेत छपाईचे एक नवे यंत्र आले. जुन्या यंत्रात कागद अडकला की त्याची सूचना काम करणाऱ्यांना आपोआप मिळावी, अशी सुधारणा तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी पूर्वी केली होती. नव्या यंत्रात तीच सुधारणा करावयाची, तर त्याच्या आज्ञावलीचा स्रोत मिळेना. दोष दिसत होता, उपाय ठाऊक होता, पण हात बांधलेले होते. अशा अनुभवांतून स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९८९ साली त्यांनी सार्वजनिक परवान्याचा मसुदा सिद्ध केला. ज्याला मुक्त आज्ञावली मिळाली, त्याने तिच्यात बदल करून ती पुढे दिली तर त्याच मोकळिकींसह द्यावी, असे बंधन त्यात आहे. घेतलेले बी पुढे दडवू नये, असाच हा नियम.

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला आणि पुढील वर्षी त्यास हाच परवाना लावला. सहस्रावधी लोकांनी त्यात भर घातली. 'मुक्त स्रोत' या अर्थाचे नाव १९९८ साली रूढ झाले. आज शिक्षकाच्या खिशातील अँड्रॉइड मोबाइल याच गाभ्यावर चालतो. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले 'दीक्षा' हे शिक्षकांच्या नित्य परिचयाचे व्यासपीठही 'सनबर्ड' या मुक्त स्रोत रचनेवर उभारलेले आहे. तेव्हा मुक्त आज्ञावली ही कोणा हौशी मंडळींची करमणूक नसून शाळा तिचा उपयोग न कळत करीतच आहे.

या मोकळिकींचे मोल अडचणीच्या वेळी कळते. ओपनऑफिस ही लेखन व हिशेबाची मुक्त आज्ञावली २०१० साली मालकी बदलून दुसऱ्या कंपनीकडे गेली, तेव्हा तिच्या भवितव्याविषयी कार्यकर्त्यांस शंका वाटू लागली. स्रोत सर्वांसाठी खुला असल्यामुळे त्यांनी तोच घेऊन 'लिबरऑफिस' या नावाने काम पुढे चालविले. ज्या शाळा व कचेऱ्या तिच्यावर अवलंबून होत्या, त्यांची जुनी कागदपत्रे नव्या आज्ञावलीत उघडत राहिली.

महाराष्ट्रातील कार्य

या कार्यास महाराष्ट्राचा हातभार लागला आहे. संगणकावर देवनागरी लिहिण्याची अडचण शिक्षकांस चांगली ठाऊक आहे. जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचात लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटत. युनिकोड या सर्वमान्य संकेतामुळे ही अडचण दूर झाली. पण त्यासाठी कोणासही वापरता येतील अशी अक्षरे कोणीतरी घडविणे आवश्यक होते. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून प्रख्यात सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'रघू' हा देवनागरी अक्षरसंच मुक्त परवान्याखाली देण्यात आला. त्याच सुमारास 'इंडलिनक्स' या गटाने मुंबईतून लिनक्स भारतीय भाषांत आणण्याचे काम आरंभिले. पुढे 'लोहित' आणि मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्ता' यांसारखे सुबक अक्षरसंचही खुले झाले. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस यांतील आज्ञा आज मराठीत वाचता येतात, त्या स्वयंसेवकांनी बसून एकेक शब्द भाषांतरिल्यामुळेच.

शाळेच्या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातील खैरात येथील प्रयोग लक्षणीय आहे. २००७ साली तेथील लहानशा प्राथमिक शाळेत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतील यंत्रे मुलांच्या हाती देण्यात आली. त्यांतील 'शुगर' ही प्रणाली मुक्त होती. ती यंत्रे इंटरनेट नसतानाही एकमेकांशी जोडता येत. आणि चालू असलेल्या आज्ञावलीचा स्रोत उघडून दाखविण्यासाठी त्यांच्या कळफलकावर एक स्वतंत्र कळच ठेवलेली होती. त्या यंत्रांचा काळ आता सरला आहे. परंतु मुलाने यंत्र केवळ वापरू नये, ते आतून कसे चालते हेही पाहावे, हा त्यातील विचार शिळा झालेला नाही.

शिक्षकांस स्वतः शिकण्यासाठी पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभारला आहे. त्यातील पाठ सुमारे दहा मिनिटांचे असून अनेक पाठांचे निवेदन मराठीत आहे. लिबरऑफिस, भूमितीसाठी जिओजेब्रा, आज्ञा देऊन कासवाकडून आकृती काढून घेणारे केटर्टल, टंकलेखन शिकविणारे टक्स टायपिंग इत्यादी विषय त्यांत आहेत. पाठ पाहावा, तेथेच थांबवावा, स्वतःच्या संगणकावर तेच करून पाहावे आणि पुढे जावे, अशी त्यांची पद्धती आहे. ते उतरवून घेऊन इतरांस देण्यासही परवानगी आहे.

शोध कोठे घ्यावा

शोधाचा पहिला नियम असा की, आज्ञावली तिच्या उगमावरून घ्यावी. इंटरनेटवर नाव टाकले असता आरंभी दिसणारी स्थळे पुष्कळदा जाहिरातदारांची असतात. तेथे 'डाउनलोड' असे लिहिलेली मोठी बटणे दाबली की नको असलेली चार आज्ञावल्या सोबत येतात. म्हणून आज्ञावली घडविणाऱ्या मंडळींचे स्वतःचे स्थळ शोधून तेथूनच ती उतरवावी.

लिनक्स असलेल्या संगणकात हे काम अधिक सोपे आहे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनसारख्या वितरणांनी हजारो मुक्त आज्ञावल्या तपासून एका कोठारात ठेवलेल्या असतात. हव्या त्या आज्ञावलीचे नाव निवडले की ती कोठारातून येते. मोबाइलसाठी 'एफ-ड्रॉइड' हे केवळ मुक्त आज्ञावल्यांचे कोठार आहे. मूळ स्रोत, झालेल्या दुरुस्त्या आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी पाहावयाच्या असल्यास गिटहब, गिटलॅब अशा स्थळांवर त्या सर्वांसमोर मांडलेल्या असतात.

प्राथमिक शाळेस आरंभी पुढील आज्ञावल्या पुरेशा आहेत. लेखन व नोंदी यांसाठी लिबरऑफिस. लहान मुलांच्या मोजणी, अक्षरओळख व विचारखेळांसाठी जीकॉम्प्रिस. हिच्या नावामागील फ्रेंच शब्दांचा अर्थ 'मला समजले' असा आहे. चित्रांसाठी टक्स पेंट. इंटरनेटवाचून ज्ञानकोश वाचण्यासाठी किविक्स. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला; तो संपूर्ण ज्ञानकोश किविक्सच्या द्वारे एका लहान पेनड्राइव्हवर मावतो. तसेच 'कोलिब्री' ही आज्ञावली एका संगणकात ठेवली असता, त्यातील पाठ शाळेतील इतर यंत्रांस व मोबाइलांस बाहेरील जोडणीशिवाय पाहता येतात. ज्या पाड्यावर जोडणी मिळत नाही, तेथील शाळेस या दोहोंचा उपयोग विशेष आहे. कारण एकदा तालुक्याच्या ठिकाणी उतरवून आणलेली सामग्री वर्षभर पुरते.

पारख कशी करावी

आज्ञावली घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. प्रथम परवाना. प्रत्येक मुक्त आज्ञावलीसोबत परवान्याचा लेख असतो. तो नसेल तर स्रोत दिसत असला तरी ती मुक्त मानू नये. दुसरी गोष्ट, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली याची तारीख. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेली आज्ञावली सुरक्षित राहत नाही. तिसरी, तक्रारींस उत्तरे मिळतात किंवा नाही. चौथी, मोबाइलवरील आज्ञावली कोणती परवानगी मागते. पाढे शिकविणाऱ्या आज्ञावलीस मुलांच्या नावांची, छायाचित्रांची किंवा गावाच्या ठिकाणाची गरज नसते. ती मागितल्यास शिक्षकाने सावध व्हावे.

मूळ स्थळावर आज्ञावलीच्या नोंदीशेजारी पुष्कळदा ६४ चिन्हांची एक लांब ओळ दिलेली असते. ती त्या प्रतीच्या अंगठ्याच्या ठशासारखी असते. आपल्याकडे आलेल्या प्रतीचा ठसा काढून दोन्ही ओळी ताडून पाहाव्यात. एका अक्षराचाही फरक आढळला, तर प्रत वाटेत बिघडली आहे किंवा कोणी बदलली आहे असे समजून ती वापरू नये.

मुक्त आहे म्हणून प्रत्येक आज्ञावली उत्तमच असते, असे मानण्याचे कारण नाही. काही ओबडधोबड असतात, काहींचे मराठी भाषांतर अपुरे असते. आणि जुने छपाईयंत्र लिनक्सवर चालेलच अशी हमी देता येत नाही. यासाठी घाईने जुनी व्यवस्था मोडू नये. लिनक्सची अनेक वितरणे पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. संगणकात काही पुसले जात नाही. आठ दिवस असा अनुभव घ्यावा, शाळेच्या नित्य कामांस अडथळा येत नाही याची खात्री करावी, महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात आणि मगच बदल करावा.

वाटप व परतफेड

या भागास प्रती वाटून घेण्याची परंपरा नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्यात परिसरातील बिया, पाने, शंख-शिंपले यांपासून साधने करण्यात आली. त्या साधनांवर कोणाची मालकी नव्हती. जो पाहील त्याने ती आपल्या गावी करावी आणि आपल्या गावच्या वस्तू घालून बदलावी, म्हणूनच ती दूरवर पोहोचली. संगणकाच्या आज्ञावलीविषयी आज तोच मार्ग अनुसरावयाचा आहे.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे काम सहज होण्यासारखे आहे. एका शाळेने पुरेशा जोडणीच्या ठिकाणी आज्ञावल्या उतरवाव्यात, ठसे ताडून पाहावेत आणि एका स्वच्छ पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. त्यासोबत प्रत्येकीचा परवाना, मूळ स्थळ, आवृत्तीचा क्रमांक व उतरविल्याची तारीख एका कागदावर लिहावी. परवाना काढून टाकून प्रत देऊ नये. सातबाऱ्याशिवाय जमिनीचा जसा व्यवहार होत नाही, तसेच हे आहे. मोबाइलवरील आज्ञावल्या ब्लूटूथने एका यंत्रातून दुसऱ्यात देता येतात. दर सत्राच्या आरंभी नव्या आवृत्त्या आणून जुन्या काढून टाकाव्यात.

केवळ घेणे म्हणजे अर्धे काम. आज्ञावलीत दोष आढळल्यास, काय केले असता काय झाले हे क्रमाने लिहून घडविणाऱ्यांस कळवावे. अशी नेमकी तक्रार हीदेखील त्या कामातील भर आहे. मराठी भाषांतरात चुकीचा शब्द दिसल्यास योग्य शब्द सुचवावा. ग्रामीण शिक्षकाच्या तोंडचा सोपा शब्द शहरात बसून भाषांतर करणाऱ्यास सुचत नाही, हे ध्यानात ठेवावे.

यापुढचे काम मात्र खोडाळ्यासारख्या भागातील शिक्षकांवाचून दुसरे कोणी करणार नाही. वारली किंवा कोकणा बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकाची भाषा त्याच्या कानास अपरिचित असते. या भाषांत आज्ञावली काढून विकावी एवढे गिऱ्हाईक कोणत्याही कंपनीस दिसणार नाही. मुक्त सामग्रीत गिऱ्हाइकाचा हिशेब नसतो. तेथे परवानगी आधीच दिलेली असते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ साली सुरू झालेल्या संग्रहातील गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. त्यांतील सोपी गोष्ट घेऊन गावातील जाणत्या स्त्रीपुरुषांकडून ती वारलीत किंवा कोकणात सांगून घ्यावी, देवनागरीत लिहावी, मूळ लेखकाचे व चित्रकाराचे नाव राखावे आणि इतर शाळांस द्यावी. जीकॉम्प्रिससारख्या आज्ञावलीतील शब्द व आवाज यांचाही असाच अवतार, थोड्या जाणकारांचे साहाय्य मिळाल्यास, शक्य आहे.

एका शाळेने एका वर्षात एक गोष्ट केली, तरी केंद्रातील दहा शाळांकडे दहा गोष्टी होतात आणि प्रत्येक शाळेस त्या दहाही मिळतात. दिल्याने देणाऱ्याचे काही उणे होत नाही. शिक्षकाचा सारा व्यवसायच या तत्त्वावर चालत आला आहे. संगणकाच्या बाबतीत तो निराळ्या रीतीने चालविण्याचे कारण नाही.